शेवटचा चहा किती वाजता?

सोलापूरहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ४३, अक्कलकोट रोड एमआयडीसीत भावासोबत टॉवेलचा छोटा कारखाना. ओळख पटेल असा मजकूर वगळून त्यांचं म्हणणं असं:

"दिवसाला आठ चहा होतात. सकाळी सहाला उठल्याबरोबर एक, साडेआठला नाश्त्याबरोबर एक. कारखान्यात अकरा, एक, साडेतीन, पाच आणि सातला हाफ. रात्री जेवण झाल्यावर साडेनऊला कट्ट्यावर मित्रांसोबत एक फुल. साडेअकराला पाठ टेकली की लगेच झोप लागते, त्यामुळे चहा मला बाधत नाही असंच मी धरून चाललो. पण दोन-अडीचला जाग येते आणि मग सुताचे दर, अडकलेलं पेमेंट, वीजबिल हेच डोक्यात फिरत राहतं. सकाळी चहा पोटात गेल्याशिवाय डोकं चालत नाही. चहा यायला उशीर झाला की कामगारांवर ओरडतो. बायको म्हणते, चहानेच तुमचं डोकं फिरलंय. यंदा गड्ड्याच्या यात्रेत सिद्धरामेश्वरांसमोर चहा सोडला. दुसऱ्या दिवशी डोकं असं ठणकलं की गोळी घ्यावी लागली. संध्याकाळी हिशेबावरून भावाला नको ते बोललो. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चहा घेतला आणि दोन घोटांत बरं वाटलं. म्हणजे माझ्या शरीराला चहा लागतोच, असं समजायचं का? की माझ्यात निग्रहच नाही? एक मित्र ग्रीन टी घे म्हणतो, दुसरा झोपेची गोळी. मुलगी दहावीला आहे, तीही रात्री अभ्यासाला बसताना चहा घेते. काय करावं?"

नमस्कार.

तुम्ही कप आणि त्यांच्या वेळा दोन्ही लिहून पाठवल्यात, हे फार बरं केलंत. "चहा जरा जास्त होतो" एवढंच लिहिलं असतंत तर मलाही "जरा कमी करा" याच्यापलीकडे काही सांगता आलं नसतं. आता नीट हिशेब मांडता येईल. पण त्याआधी निग्रहाचं बोलू, कारण पत्रात तुम्ही स्वतःला सगळ्यात जास्त दोष त्यासाठी दिला आहे.

चहातल्या कॅफीन या तरतरी आणणाऱ्या द्रव्याची सवय असलेल्या माणसाने ते एकदम बंद केलं, तर साधारण १२ ते २४ तासांत डोकं दुखायला लागतं. पहिल्या एक-दोन दिवसांत ते सगळ्यात जास्त ठणकतं आणि दोन ते नऊ दिवसांत आपोआप ओसरतं. कॅफीनमुळे मेंदूतल्या रक्तवाहिन्या थोड्या आकसलेल्या असतात. ते मिळेनासं झालं की त्या सैलावतात, रक्ताचा ओघ वाढतो आणि डोकं ठणकतं. जोडीला थकवा, उदासपणा, कामात लक्ष न लागणं आणि चिडचिड येते. हा त्रास इतका ठरावीक आहे की अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली काढलेल्या निदानसूचीत त्याला स्वतंत्र स्थान दिलं आहे. तुम्ही आठ कपांवरून एका दिवसात शून्यावर आलात आणि ज्या वेळी हा त्रास शिगेला पोचतो, नेमक्या त्याच वेळी थांबलात. आणखी काही दिवस निघाले असते तर डोकं आपोआप उतरलं असतं, हे तुम्हाला कुणी सांगितलेलंच नव्हतं. याला निग्रह नसणं म्हणत नाहीत.

गोळी कुठली घेतलीत ते पत्रात नाही. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत कॅफीनच घातलेलं असतं. पाकिटामागची बारीक अक्षरं एकदा वाचा. चहा बंद करून तशी गोळी घेतली असेल, तर एका दाराने बाहेर काढलेलं दुसऱ्या दाराने आत आलं.

आता "शरीराला चहा लागतोच का". आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते मेंदूतल्या ठरावीक जागांना चिकटलं की जडपणा येतो, पेंग येते. कॅफीनची रचना ॲडेनोसिनशी मिळतीजुळती असल्यामुळे ते त्याच जागा अडवतं आणि थकव्याचा निरोप मेंदूला पोचत नाही. ॲडेनोसिन मात्र साठत राहतं. धंद्याच्या भाषेत सांगायचं तर बिल भरलं जात नाही, फक्त तारीख पुढे जाते. रोज भरपूर कॅफीन मिळायला लागलं की मेंदूही त्याच्याशी जुळवून घेतो आणि मग ते नसलं की थकवा दुप्पट वाटतो. तुमचं डोकं सकाळी सहाला चालत नाही ते मोडलेल्या झोपेमुळे तर आहेच, पण रात्रभर कॅफीन उतरत आल्यामुळेही आहे. पहिला चहा तुम्हाला इतरांच्या पुढे नेत नाही, फक्त जमिनीवर आणून सोडतो. आणि दोन घोटांत बरं वाटलं म्हणता, तेवढ्यात कॅफीन कामाला लागतच नाही. रक्तातलं त्याचं प्रमाण शिगेला पोचायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. दोन घोटांतला आराम ऊब, साखर आणि वर्षांच्या सवयीचा होता. ही गोष्ट तुमच्या फायद्याची आहे, पुढे उपयोगी पडेल.

चहाचे गुण नाकारायचं कारण नाही. कॅफीनने लक्ष टिकतं, हात चपळ होतात, कंटाळवाण्या कामात डोळा लागत नाही. मागावरून उतरलेल्या टॉवेलात दोष शोधत बसायचं असेल, तर त्याची मदत होते. पण एखादी मोठी ऑर्डर कोणत्या दराने घ्यावी, उधारी कुणाला द्यावी, चिडलेल्या माणसाशी कसं बोलावं, अशा कामांत कॅफीनचा फारसा आधार मिळत नाही. तिथे झोप लागते. रात्री चार तास झोपलेला माणूस चहा पिऊन जागा राहतो, पण त्याचा निर्णय जागा असेलच असं नाही.

आता हिशेब. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत चहाच्या एका कपात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन धरलं आहे आणि दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगितलं आहे. तुमचे तीन फुल प्रत्येकी ५० आणि पाच हाफ प्रत्येकी ३० धरू. बेरीज बरोबर ३००. म्हणजे एकूण प्रमाण काठावर आहे, भयंकर नाही. आता वेळ बघा. शरीरात गेलेलं कॅफीन निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात, उरलेल्याचं निम्मं व्हायला आणखी पाच. या मापाने आठही कपांचा माग काढला तर रात्री साडेअकराला, तुम्ही पाठ टेकता तेव्हा, अंगात जवळपास १०० मिलिग्रॅम शिल्लक असतं. दोन फुल चहा पिऊन झोपावं तसं. त्यातलं ६६ मिलिग्रॅम एकट्या पाच, सात आणि साडेनऊच्या कपांचं आहे. सकाळपासून साडेतीनपर्यंतचे पाचही कप मिळून उरतात फक्त ३३.

तुमची तब्येत, तुमची मन:स्थिती, तुमचा धंदा यातलं काहीही न बदलता, नुसते संध्याकाळचे तीन कप काढले तर रात्रीचं ओझं तिसऱ्या हिश्श्यावर येतं. म्हणून चहा सोडण्याच्या प्रश्नापाशी तुम्ही थांबूच नये असं मला वाटतं. प्रश्न शेवटचा चहा किती वाजता, एवढाच आहे.

"पण मला तर लगेच झोप लागते." हे वाक्य मी अनेक पत्रांत वाचते. दिवसभर राबलेल्या माणसाचा थकवा इतका असतो की कॅफीन असूनही डोळा लागतो. बिघाड होतो तो पुढे. कॅफीनमुळे गाढ झोपेचा वाटा कमी होतो, झोप उथळ राहते, आणि उथळ झोपेतून जाग यायला कुत्र्याचं भुंकणंही पुरतं. अमेरिकेतल्या एका प्रयोगात, त्याचा अहवाल २०१३ साली प्रसिद्ध झाला, झोपायच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिलं तेव्हा लोकांची झोप तासाभराहून अधिक घटली, आणि एवढी घटल्याचं त्यांचं त्यांना जाणवलंही नाही. ४०० म्हणजे तुमच्या एका चहाच्या कितीतरी पट, हे खरं. पण तुम्हीही झोपायला जाताना एका कपाचं ओझं घेऊन जात नाही, दिवसभराची बाकी घेऊन जाता.

पाच तास ही सरासरी झाली. कुणाचं कॅफीन दोन-तीन तासांत निम्मं होतं, कुणाला नऊ तास लागतात. यकृतातलं एक विकर (एन्झाइम) ते मोडतं आणि त्याचा वेग माणसागणिक वेगळा असतो. "माझे वडील रात्री अकराला चहा पिऊन घोरायचे" हा पुरावा वडिलांपुरताच. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचं कॅफीन लवकर मोडतं. अशा माणसाने धूम्रपान सोडलं आणि चहा तेवढाच ठेवला, तर तेवढ्याच चहात रक्तातलं कॅफीन वाढतं, धडधड आणि बेचैनी वाढते, आणि सगळा दोष विडी सोडल्याला दिला जातो. विडी सोडणाऱ्यांनी चहाही थोडा उतरवावा. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत कॅफीन जास्त वेळ रेंगाळतं, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तर फारच. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने गरोदर स्त्रियांसाठी दिवसाची मर्यादा २०० मिलिग्रॅम सांगितली आहे.

तुमच्या रागाबद्दल. वहिनींचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. दोन चहांच्या मध्ये येणारी चिडचिड बऱ्याच अंशी कॅफीन उतरण्याची आहे. चहा यायला उशीर झाला की ओरडता, हे तुम्हीच लिहिलं आहे. कपानंतरची धडधड, हाताची सूक्ष्म थरथर ही कॅफीनने वाढणाऱ्या ॲड्रिनलिन नावाच्या द्रव्याची, आणि मन आधीच काळजीत असेल तर शरीराची ही घाई मनाला भीतीसारखी वाटते. त्यात अपुरी झोप. पण सुताचे दर आणि अडकलेलं पेमेंट हे काही चहाने निर्माण केलेलं नाही. चहा उतरवल्यावर पार्टी पैसे देणार नाही. रात्री अडीचला त्याच विचाराने छातीवर बसायचं की सकाळी दहाला त्याच्याकडे बघायचं, एवढा फरक मात्र पडेल. झोपायच्या दोन तास आधी एका कागदावर उद्याचे तीन फोन कुणाला करायचे ते लिहून कागद कारखान्याच्या पिशवीत टाका. काळजीला उद्याची वेळ दिली की रात्रीचा तिचा हट्ट कमी होतो.

आता करायचं कसं. मागून सुरुवात करा. आधी रात्री साडेनऊचा कप. त्याला पाच-सहा दिवस द्या, अंगवळणी पडला की सातचा, मग पाचचा. सकाळच्या कपांना हात लावू नका. अशा उतरंडीने डोकेदुखी सहसा येत नाही, आली तरी हलकी असते. तीन आठवड्यांत शेवटचा चहा साडेतीनला येईल. आणखी मागे न्यावासा वाटला तर न्या, नाही वाटला तर आहे तेवढ्यावर राहा. या काळात वहीत रोज दोनच गोष्टी लिहा: शेवटचा चहा कितीला, रात्री जाग कितीदा. तुमच्या शरीराचा वेग मला माहीत नाही, ही वही तुम्हाला सांगेल.

कट्टा सोडू नका. तुमच्यासारख्या माणसाला दिवसभरात मोकळं बोलायची ती एकच जागा असते आणि चहाच्या पायी ती गेली तर झोपेचं नुकसान भरून निघणार नाही. तिथे गरम दूध घ्या, सुंठ-वेलचीचा उकाळा घ्या. चहापत्ती न घालता नुसता गवती चहा उकळला तर त्यात कॅफीन नसतं. ऊब आणि साखर दोन घोटांत काम करतात, हे तुम्ही स्वतः अनुभवलं आहे. फक्त गुळाचा चहा म्हणून फसू नका, गूळ घातला तरी पत्ती तीच असते.

दलालाकडे, सूतवाल्याकडे गेल्यावरचा चहा ही खरी अडचण, ती मला कळते. आपल्याकडे समोर आलेला कप परत पाठवणं म्हणजे माणसाला परत पाठवणं. पण "चहा नको" म्हटल्याचा राग येतो, "मालक, आज ताक सांगा" म्हटल्याचा येत नाही. सांगणाऱ्याला काहीतरी मागवायचं असतं, बसायचं असतं. मार्चनंतरच्या सोलापुरात लिंबू सरबत मागणाऱ्याला कोण हसणार? आणि तुमच्या कारखान्यात पाच वाजता येणारी चहाची किटली तुमच्यासाठीच येते असं नाही, कामगारांसाठी येते. ती येऊ द्या. तुमच्या टेबलावर पाण्याची बाटली असू द्या.

रातपाळीवाल्या कामगारांना मात्र हा हिशेब उलटा लागतो. त्यांनी चहा पाळीच्या पहिल्या अर्ध्यात घ्यावा. पहाटे चारचा कडक चहा पिऊन घरी गेलं की सकाळी आठला झोप येत नाही, आणि दिवसाची झोप आधीच कच्ची असते. मधल्या सुट्टीत वीस मिनिटं आडवं व्हायला जागा दिलीत तर पहाटेच्या कपाची गरज कमी होईल. हे तुमच्या हातात आहे.

घराघरात विड्या वळणाऱ्या बायकांबद्दलही इथेच लिहिते, कारण त्यांची पत्रं येत नाहीत. हजाराचा आकडा भरायचा म्हणून जेवण मागे पडतं आणि चहा-खारीवर दुपार निघते. चहा भूक तात्पुरती मारतो, शिवाय त्यातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह अंगी नीट लागत नाही. राष्ट्रीय पोषण संस्था जेवणाआधी आणि नंतर एक तास चहा-कॉफी टाळायला सांगते ती यासाठीच. दम लागत असेल, चेहरा पांढुरका पडला असेल, तर आधी भाकरी, चहा तासाने.

ग्रीन टीचं विचारलंत. तीही चहाचीच पानं. कॅफीन बहुधा थोडं कमी, पण असतंच. दुपारी घ्या, रात्री नको. कॉफी चहाहून कडक: फिल्टरच्या एका कपात ८० ते १२० मिलिग्रॅम. झोपेची गोळी मित्राच्या सांगण्यावरून अजिबात घेऊ नका. दिवसभर जागं ठेवणारं औषध आणि रात्री झोपवणारं औषध अशी जोडी एकदा लागली की सोडवणं फार कठीण जातं.

मुलीचं तुम्ही शेवटच्या ओळीत, जाता जाता लिहिलं आहे. मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. दिवसभर वाचलेलं मेंदू पक्कं करतो ते झोपेत. रात्री दहाला चहा पिऊन ती एक तास जास्त जागेल, पण वाचलेलं ज्या झोपेत पक्कं होतं तीच झोप कापली जाईल. या वयात आठ ते दहा तास झोप हवी असते. तिला "तू पिऊ नकोस" असं सांगू नका, ते टिकणार नाही. तुमचा रात्रीचा कप बंद झाला की घरात रात्री पातेलं चढणारच नाही, तिचाही आपोआप सुटेल. तिच्या वर्गात कुणी एनर्जी ड्रिंक आणत असेल तर डब्यावर लिहिलेलं तिला वाचायला लावा. लहान मुलं, गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रियांसाठी ते नाही, असं छापणं आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे.

शेवटचा चहा दुपारवर आल्यानंतरही तीन-चार आठवडे जाग येतच राहिली, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. वहिनींना विचारा, झोपेत घोरता घोरता तुमचा श्वास मध्येच अडकतो का. अडकत असेल तर लवकर जा. रक्तदाब मोजून घ्या. छातीत धडधड अचानक वाढत असेल, किंवा दोन आठवड्यांहून जास्त कशातच मन लागत नसेल, तर तीन आठवडेही थांबू नका. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची मोफत सेवा १४४१६ वर मिळते, मराठीतही बोलता येतं.

सिद्धरामेश्वरांसमोर बोललेला शब्द मोडला, ही बोच पत्रभर जाणवते. तुम्ही शब्द दिलात तो घर शांत राहावं म्हणून. तो हेतू अजून तुमच्या हातात आहे, फक्त वाट बदलली.

आणि भाऊ. त्या संध्याकाळी तुम्ही जे बोललात त्यात डोकेदुखीचा वाटा होता, पण ऐकणाऱ्याला तो दिसत नाही. पाचचा चहा सुटेपर्यंत थांबू नका. उद्या सकाळी, दुसरा चहा झाल्यावर, त्यांना बाजूला घेऊन सांगा की त्या दिवशी मी चुकीचं बोललो. हिशेबाचा जो मुद्दा खरा असेल तो नंतर, वेगळ्या दिवशी, दोघांनी झोप झालेली असताना काढा.